आठवं पातं

सोमवार, ३ नोव्हेंबर

चि. चिंगीस,
आईचे पोटभर आशीर्वाद आणि एक गालगुच्चा.

तुझं पत्र परवाच मिळालं. लगेच उत्तर लिहायला बसणार होते, पण व्यायामवाल्या बाई आल्या. त्या माझा गुडघा असा काही वाकवतात की माझ्या ओरडण्यापायी शेजारचे टीव्हीचा आवाज वाढवतात. काल म्हणाल्या, "आजी, पंधरा दिवसांत तुम्ही जिने चढायला लागाल बघा." मी म्हटलं, "आजी कोण?" अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आजी! तुझं लग्न नाही, कशात काही नाही, आणि मी आजी. केस रंगवायचे सोडले, त्याचा परिणाम.

बाकी घर ठीक. न्हाणीघराचा नळ गळत होता, तो दुरुस्त करून घेतला. तुझ्या चष्म्याच्या दुकानाचे मालक रस्त्यात भेटले. "पोरीची रजा कधी संपते हो? गिऱ्हाइकं तिलाच विचारत येतात," म्हणाले. मी म्हटलं, मलाही तिला तेच विचारायचं आहे. ते हसले. मी गंमत करत नव्हते, पण जाऊ दे.

पेपरातलं कात्रण पोचलं. फोटो छान आलाय. तुझं नाक माझ्यावर गेलंय हे आता सगळ्या जगाला कळेल. खाली छापलंय, 'जादूगार आणि त्यांची कन्या'. सत्तावीस वर्षांत माझे किती फोटो छापून आले, सांगू? चार. त्यांतल्या तिनांत मी पेटीत आहे, म्हणजे तो पेटीचाच फोटो. चौथ्यात माझी पावलं दिसतात आणि खाली लिहिलंय, 'जादूगार व सहकारी'. पावलं चांगली आली आहेत.

आता मुद्द्याचं. पंधरा तारखेला, शनिवारी, मोठ्या थिएटरात तू पहिल्यांदा पेटीत बसणार, आणि तेही खऱ्या पात्यांसमोर, असं बाबांनी फोनवर सांगितलं. आजवर तू हवेत तरंगलीस, कपाटातून गायब झालीस. ती कामं सोपी, त्यात यंत्र राबतं. पेटीत आपण राबायचं असतं. बाबा बाहेरून फटींतून बारा पाती खुपसणार, आपण आत बारा वेळा अंग चोरायचं, आणि झाकण उघडलं की जणू आत्ताच छान झोप काढून उठलीस असं हसायचं. घरी मी तुला शिकवलं ते सगळं लाकडी पट्ट्यांवर. तालमीला लाकूड आणि पोलाद फक्त स्टेजवर, हा बाबांचा नियमच आहे. म्हणून पुन्हा एकदा लिहून देते, पाठ कर.

आधीचे चार तास काही खायचं नाही. पाणी घोटभर. आत शिरताना आधी डावा पाय, मग बूड टेक, गुडघे छातीशी घे. पहिली दोन पाती झाकणातून, मानेच्या दोन बाजूंना येतात, तेव्हा हनुवटी खाली. तिसरं आणि चौथं समोरून, पावलांच्या कडेने. पाचव्याला बाबा लोकांशी गप्पा मारतात, तेवढ्यात श्वास घेऊन टाक. ते गुडघ्यांखालून जातं. सहावं आणि सातवं डावीकडून, नडग्यांच्या पुढून. नववं ते बारावं म्हणजे नुसता दिखावा, ती पायाकडच्या कोपऱ्यात जातात. तेव्हा तू मनातल्या मनात भाजीची यादी केलीस तरी चालेल, मी करायचे.

बाहेर आल्यावर फार दात दाखवू नकोस. फोटोत जास्त दिसताहेत.

लोकरीचे मोजे पाठवतेय. थिएटरांच्या मेकअपच्या खोल्यांना ओल असते, पाय गार पडू देऊ नकोस. बाबांना सांग, गोळ्या वेळेवर घ्या.

तुझी,
आई


शनिवार, ८ नोव्हेंबर

चिंगे,
खुशाल असशीलच, सहा पानं लिहायला वेळ मिळतो म्हणजे.

सहा पानं! मी तुझ्याएवढी असताना दौऱ्यावरून माझ्या आईला एक पोस्टकार्ड टाकायचे, आणि त्यातलं निम्मं तुझ्या बाबांचं कौतुक असायचं. तुझ्या सहांपैकी चार पानं बाबांचं कौतुकच आहे, म्हणजे वळण माझंच. तू लिहितेस, 'शेवटी बाबा माझा हात धरून मला पुढे आणतात आणि आम्ही दोघं एकदम वाकतो. आई, तेव्हा काय वाटतं ते तुला वेगळं सांगायला नकोच.'

सांगायला हवं, बाई. मला ते ठाऊक नाही. मी सत्तावीस वर्षं पेटीतून उठले, हसले, एक हात वर केला आणि पडद्यामागे गेले. पुढे जाऊन वाकायचे ते एकटे. एकदा मी विचारलं होतं, तू तेव्हा दीड-दोन वर्षांची होतीस. म्हणाले, "अगं, पेटीतून बाहेर आलेली बाई गूढ राहिली पाहिजे. पुढे येऊन वाकलीस तर लोक म्हणतील, ही तर आपल्यातलीच आहे." मला पटलं. आपण गूढ आहोत, हे ऐकायला कुणाला आवडत नाही? आता नियम बदलला की तू गूढ नाहीस, एवढं त्यांना विचारून कळव.

मार्चमधला माझा शेवटचा प्रयोग आम्ही तुला नीट सांगितलाच नाही. गुडघा अडकला, एवढंच म्हणालो. झालं असं की झाकण उघडलं आणि मला उठताच येईना. मी बसल्याबसल्या हसले आणि हात वर केला. लोकांना तेही जादूतलंच वाटलं. पडदा पडल्यावर लाइटवाल्याने आणि मॅनेजरने दोन बाजूंनी धरून मला गाठोड्यासारखी उचलून काढली. तेव्हा पडद्यापलीकडे हे तिसऱ्यांदा वाकत होते. मग तू रजा काढून आलीस, 'आई बरी होईपर्यंत' म्हणून. कालच्या पत्रात मात्र तू 'पुढच्या वर्षीचा दौरा' असं दोनदा लिहिलं आहेस. मी दोन्हीकडे पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे.

मला आनंदच आहे.

हे वाक्य लिहून मी चहा करायला उठले, आणि परत येऊन वाचलं. खोटं कशाला लिहू, माझ्या पोटात दुखतंय. तू जीव तोडून काम करतेस, तुझं कौतुक होतं, आणि मी इथे पाय लांब करून बसून जळते. आईने असं लिहू नये. पण 'तू किती सहज मावतेस, तुझी आई फार कुरकुर करायची' हे बाबांचं बोलणं तू मला हौसेने लिहून कळवलंस, तेव्हा तूही थोडं ऐक. मी कुरकुर करायचे! तुझ्या वेळी चौथा महिना लागेपर्यंत मी त्या पेटीत बसत होते आणि कुणाला पत्ता नव्हता. म्हणजे तसं पाहिलं तर पेटी तुलाही नवी नाही.

झग्याचं म्हणतेस, तर दे पाठवून. तो माझ्या मापाचा आहे, तुला आखूड होणारच. गुरुवारी लाइटवाला सुटं सामान न्यायला इकडे येणार आहे, त्याच्याबरोबर परत पाठवते.

आणि तू विचारलंस, 'आई, तू सातव्यानंतर एकदम नववं लिहिलंस, आठव्याचं राहिलं का?' राहिलं असेल. बाबा म्हणतात ना, आठव्यात काही विशेष नाही, ते पाठीमागून निघून जातं? मग त्यांचं ऐक. पेटी त्यांची, पाती त्यांची, मी काय सांगणार?

समजा कधी काही अडलंच, तर मला बोलवा. संकोच करू नका. गुडघा आता पुष्कळ वाकतो. काल पलंगावर बसून छातीशी घेऊन पाहिला, जवळजवळ टेकला.

तुझी,
आई


गुरुवार, १३ नोव्हेंबर, दुपारी तीन

चिंगे,

लाइटवाला बाहेरच्या खोलीत चहा घेत बसलाय. त्याची गाडी पाचला आहे. झगा आणि हे पत्र तुझ्याच हातात द्यायचं, दुसऱ्या कुणाच्या नाही, असं त्याला दोनदा बजावलंय. तो बिचारा विचारतो, "वहिनी, घरात काही झालंय का?" उद्या चार वाजता मी थिएटरच्या ऑफिसात फोन करीन. तू फोनवर ये आणि 'वाचलं' एवढंच म्हण. नाही आलीस तर जो कोण फोन उचलेल त्याला मी सगळं ओरडून सांगेन, मग माझी लाज जाईना का.

आधी कामाचं. आठवं पातं तुझ्या पाठीमागून जात नाही. ते सरळ तुझ्या उजव्या कुशीत येतं.

तू नऊ वर्षांची असताना पेटी ट्रकमधून पडली होती. उजवी फळी फुटली. ज्याने ती बनवली तो सुतार तेव्हा आजारी होता, म्हणून दुसऱ्याकडून नवी फळी बसवली, आणि त्याने आठवी फट बोटभर पुढे कापली. दिसायला काही दिसत नाही. पण पातं आत आलं की पाठीमागची वाट सोडून अंगावर येतं. गेली पंधरा वर्षं मी त्याचं टोक चिमटीत धरून मागे ढकलत आले आणि पलीकडच्या फटीतून बाहेर काढत आले. बोटांना चामड्याची टोपणं घालायचे, एका जुन्या पाकिटाची शिवलेली. तुझ्या बाबांना यातलं काहीही माहीत नाही. पातं जरा अडतं ते लाकडामुळे, अशी त्यांची समजूत आहे, म्हणून आठव्याला ते मुद्दाम जोर लावतात. तालमीत तुला कळलं नाही, कारण लाकडी पट्टी अंगाला लागली की वाकते आणि सरकून जाते. पोलाद वाकत नाही.

त्यांना का सांगितलं नाही? नव्या फळीच्या पहिल्याच प्रयोगाला माझी दोन बोटं कापली. झाकण उघडलं तेव्हा मी मूठ आवळून हसले. त्या दिवशी टाळ्याही जोरात होत्या. दुसऱ्या दिवशी बोटांची पट्टी बघून हे म्हणाले, "काय गं, भाजी चिरताना का?" मी म्हटलं, हो. त्यांनी पुन्हा विचारलं असतं तर मी सांगून टाकलं असतं. नाही विचारलं. मग मी ठरवलं, राहू दे, हे माझं. पोस्टरवर त्यांचं नाव, टाळ्या त्यांच्या, वाकणं त्यांचं, आणि हे एक पातं माझं. ते माझ्या हाताशिवाय पलीकडे जात नव्हतं, आणि हे फक्त मला माहीत होतं. मला त्यात फार सुख वाटायचं, चिंगे. लोक घरी येऊन त्यांची स्तुती करत, मी चहा देत असे आणि मनात हसत असे.

एवढं वाचून तुला वाटेल, आई सांगायला विसरली. मी विसरले नव्हते. तुला शिकवताना सातव्यापर्यंत आले आणि थांबले. पहिल्या पत्रात थांबले. दुसऱ्या पत्रात तर तू सरळ विचारलंस आणि मी तुला बाबांकडे पाठवलं. मला काय हवं होतं ते लिहिते. लिहिलं नाही तर पुढे तुझ्याकडे मान वर करून बघता येणार नाही.

मला हवं होतं की शनिवारी थोडंसं चुकावं. मी हिशेब केला होता. पातं बरगडीवर घासेल, कातडी फाटेल, चार टाके पडतील. बरगडी मध्ये असल्यावर जास्त काय होणार? मग तुझे बाबा म्हणतील, हे पोरीला जमायचं नाही, हिच्या आईलाच बोलवा. आणि मी लंगडत का होईना, येईन. चार टाके मी मंजूर केले होते. तुझ्या अंगावरचे. रोज गुडघा वाकवताना मी हाच विचार करत होते, आणि म्हणून तो इतका वाकायला लागला.

आज सकाळी झगा शिवायला घेतला. तू लिहिल्याप्रमाणे बरगडीपासून कमरेपर्यंत दोन बोटं वाढवली. शिवून झाल्यावर टेबलावर पसरला, आणि सवयीने, खरंच नुसत्या सवयीने, बसल्या जागेपासून वर एक वीत आणि चार बोटं मोजली. आठवं पातं तिथे येतं. झोपेतून उठवून विचारलं तरी मी ते माप सांगेन. खडूने तिथे टिंब काढलं. माझ्या अंगावर तिथे बरगडी असते. तुझ्या झग्यावर टिंब पडलं ते बरगड्या संपतात त्याच्या खाली. तिथे हाड नाही. तिथे काहीच नाही, तुझं मऊ अंग आहे.

तुझं माप मला माहीत नव्हतं असं नाही. तू जन्मलीस तेव्हापासून तुझे कपडे मी शिवलेत. दहावीला असताना तू माझ्या डोक्यावरून गेलीस तेव्हा दारामागे रेघ मारून तुझी उंची मीच लिहिली होती. पण इतके दिवस मी मनात ती पेटी उघडत होते, तेव्हा आत तू नव्हतीसच. आत मीच बसलेली असायचे. पात्यासमोर माझी बरगडी होती. जागेचा हेवा करता करता त्या जागेवर तू बसली आहेस, हेच मी बघितलं नाही. आणि तिथे खरोखरच बरगडी असती, तरी मी केलं ते केलंच. त्याची माफी मागायची म्हटली तर तोंड कुठे आहे मला?

परवा, मंगळवारी, मी फोन केला होता तो हे सांगायलाच, असं तुला वाटायला नको. तो मी मोजे मिळाले का हे विचारायला केला होता. मंगळवारीसुद्धा मी तुला काही सांगणार नव्हते.

तर आता नीट वाच. शनिवारी पेटी करायची नाही. मॅनेजर ओरडेल, ओरडू दे. तू कपाटातून दोनदा गायब हो. बाबांचा विश्वास बसणार नाही, तेव्हा त्यांना रिकामी पेटी उघडून ठेवायला सांग आणि आठवं पातं घालून बघायला सांग. ते पलीकडच्या फटीतून बाहेर येणारच नाही, ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. मग फळी बदला. आपला जुना सुतार आता बरा आहे, त्याच्याचकडून करून घ्या.

माझी चामड्याची टोपणं मी पाठवणार होते. झग्याच्या घडीत ठेवलीसुद्धा, आणि परत काढून घेतली. तुलाही ते जमेल, तुझे हात माझ्यापेक्षा चपळ आहेत. पण तू ती घालून अंधारात पातं ढकलत बसावंस आणि बाहेर त्यांनी वाकावं, हे मला नको. सरळ फळी बसवा, म्हणजे ते पातं कुणाच्याच हातात राहणार नाही. माझी तिथली गरजही मग संपेल. हे वाक्य एकदा खोडलं, आणि पुन्हा लिहिलं.

आणि हे पत्र बाबांना वाचून दाखव. गाळू नकोस काही, ते चार टाकेसुद्धा. तू लाजेने लपवशील, म्हणून सांगते. यात माझा स्वार्थ आहेच. पंधरा वर्षं त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या प्रयोगात मी काय करत होते, ते त्यांना माझ्या अक्षरात कळू दे. त्यानंतर मी तुझ्याशी काय करायला निघाले होते, तेही कळू दे. दोन्ही ऐकून ते काय म्हणायचं ते म्हणोत, मी घरीच आहे. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर उद्या फोनवर 'वाचलं' म्हण आणि ठेवून दे. मी पुढे काही विचारणार नाही.

लाइटवाल्याने कप खाली ठेवला. झग्यावरचं खडूचं टिंब मी पुसलेलं नाही. अंगात घालून आरशासमोर बस आणि ते कुठे येतं ते बघ, म्हणजे आई घाबरून वेड्यासारखं काहीतरी लिहितेय असं वाटणार नाही.

नवी फळी बसली की तू पेटीत बसशील, मला माहीत आहे. बस. झाकण उघडलं की तू उठशील, टाळ्या पडतील, बाबा तुझा हात धरतील, तुम्ही दोघं वाकाल, आणि मी इथे घड्याळाकडे बघत जळत बसेन. मी जळायची थांबेन असं वचन देत नाही, ते खोटं होईल. तू फक्त त्या पेटीतून धडधाकट उठ. माझं जळणं माझं मी बघून घेईन.

तुझ्यावर जळणारी, तुझीच,
आई